ग्रुपवरचा आशीर्वाद

माडवली (ता. अलिबाग), ३ डिसेंबर

ती. अंबिकाताईस मार्तंडाचा सा. न. वि. वि.

आपली सून मैथिली सरपंचपदाला उभी आहे. जो तो बोअर मारतोय, त्यानं विहिरींचं पाणी मचूळ होत चाललंय. ग्रामसभेत ठराव करून नव्या बोअरवेलींवर बंदी आणायची, एवढंच तिचं म्हणणं. ती पडली, तर आपल्या सुपारीच्या वाडीचंही काही खरं नाही.

पूर्वी प्रचार म्हणजे गेरूनं रंगवलेल्या भिंती, बैलगाडीवरचा कर्णा आणि माझे भुजंगप्रयातातले श्लोक! आता सगळं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. परवा तिथे विरोधी उमेदवार कल्पिताचा, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, निरोप आला, की आशीर्वाद असू द्या. आल्या पत्राला उत्तर नाही, असं आपल्या घरात कधी झालं नाही. मी झोकात आर्या रचून विजयाचा आशीर्वाद धाडला. तो निरोप एकट्या मला नव्हे, साऱ्या गावाला होता, हे मैथिलीनं जेवायला वाढताना सांगितलं. आमटी काही वाढली नाही. आता ती आर्या माझ्या फोटोसकट घरोघर फिरते आहे. काय करू?

लोभ आहेच, तो या मूर्खपणानंतरही टिकावा.

मार्तंड

माणगाव, ७ डिसेंबर

चि. मार्तंडास अ. उ. आ.

तुझी आर्या पत्राआधीच पोचली. शेजारच्या केसरनं फोनवर दाखवली. तिसऱ्या चरणात मात्रा चुकली आहे. सुनेनं महिनाभर चार ओळी मागितल्या तेव्हा तुला म्हणे स्फुरत नव्हतं, आणि कल्पिताला एका बैठकीत! आता ऊठ, चपला घाल आणि मैथिलीबरोबर दारोदार हिंड. फोन घरी ठेव.

काळजी करणारी, आणि जराशी हसणारी,
ताई

माडवली, ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मैथिली निवडून आली! दारोदार हिंडून माझ्या पायांना फोड आले, पण श्रेय त्यांना नाही. मतदान रविवारी होतं. कल्पिताची मंडळी सगळी होमस्टेवाली, घरं पाहुण्यांनी भरलेली. सरांचा आशीर्वाद आहे, ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आहेत, म्हणजे जिंकलोच, असं धरून ती मंडळी पाहुण्यांना सुरमई तळत घरीच राहिली. कल्पिता येऊन म्हणाली, सर, तुम्हीच मला पाडलंत.

काल मैथिलीची पहिली ग्रामसभा. विषय एकच, बोअरवेल. मी धुतलेली टोपी घालून पुढच्या खुर्चीत, आणि मागच्या साऱ्या खुर्च्या रिकाम्या. शेवटी तिनं ग्रुपवर विचारलं, येताय ना? लगेच फोन टणटणू लागला. बंदीला पाठिंबा, फुलं, जोडलेले हात. एकानं लिहिलं, हजर समजावे. बाकीच्यांनी तेच पुढे ढकललं. ग्रामसेवक अजिजीनं म्हणाले, वहिनी, फोनवरची माणसं गणपूर्तीत धरत नाहीत. सभा तहकूब.

परतताना शेजारच्या वाडीत बोअरची गाडी शिरताना दिसली. वाडीच्या मालकानं नव्या सरपंचबाईंना अदबीनं नमस्कार केला. बंदीला पहिला अंगठा त्याचाच होता.

लोभ असावा, जमल्यास समक्ष येऊन करावा.

तुझा
मार्तंड