लाईट गेलेली कळायला हवी

बाबा, शेवटी बॅटरीचा डबा घेतला. दुकानात त्याला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. नाव ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात, कारण दिसायला तो शाळेच्या पेटीएवढा आणि वर उचलायला एक कडी. तुम्ही जन्मभर निर्मळच्या वाड्यांमधून सायकलवर फिरून केळीच्या बागांमधल्या पंपांच्या मोटरी दुरुस्त केल्यात. म्हटलं, हे तुम्हालाच सांगावं, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाहीच.

आई आता माझ्याकडे असते, एव्हरशाईनच्या एका बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. फुप्फुसं थकलीत तिची. दिवसभर नाकात नळी, आणि पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनची घरघर. लाईट गेली की मशीन बंद. बिल्डिंगचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि पाण्याचा पंप ओढतो, आणि आमचा घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही तर इन्व्हर्टर कुठला लावू देतोय! अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर आहे. मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली ती चार तास आलीच नाही. सिलिंडरचा काटा तळाला टेकला, आईची नखं निळी पडायला लागली, आणि मी खिडकीत उभी राहून दिसेल त्याला शिव्या घालत होते. खरं सांगू? मला नखांपेक्षा तिच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटली. ती खूश होती, बाबा.

तुमची ती सवय आठवते ना? काम करताना मेनचा फ्यूज काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. कोणाच्या हातात द्यायचा नाही, मीटरपाशी ठेवायचा नाही. "फ्यूज माझ्या खिशात. आता कोणाच्या बापाची लाईट येते बघू!" एकदाच तुम्ही तो मीटरवर विसरलात आणि मी शहाणपणा करून परत बसवला. तुम्ही शिडीवरून उतरून माझ्या कानाखाली अशी वाजवलीत की गाल दोन दिवस हुळहुळत होता. मग माझ्यासमोरच बसून रडलात. वायर तेव्हा तुमच्या हातात असती तर काय, ते मला फार उशिरा कळलं.

शेवटच्या दिवशीही तसंच झालं. स्वयंपाकघरातला बोर्ड उघडा, फ्यूज खिशात, "वायर घेऊन येतो गं," म्हणून सायकल काढलीत आणि नाक्यावरच कोसळलात. तुम्हाला घरी आणलं तेव्हा भर दुपार, घरात माणसंच माणसं, पंखा नाही. सगळे पदरानं, वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणताहेत, लाईट गेलीय. खरं काय ते एकट्या आईला ठाऊक. तिनं तुमच्या खिशातून फ्यूज काढला, कमरेला खोचला आणि तेराव्यापर्यंत कोणालाही बसवू दिला नाही. "ते येतायत ना वायर घेऊन," एवढंच म्हणायची. तेव्हापासून कुठेही लाईट गेली की तिच्या हिशेबी तुम्ही फ्यूज काढून बाहेर गेलात. म्हणजे आता येणार. इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेलं.

पण इथे मशीन थांबलं की घर एकदम गप्प होतं, आणि त्या गप्प घरात ती दाराकडे बघून बोलायला लागते. "आलात? चपला बाहेर काढा, पोरीनं आत्ताच लादी पुसलीय." मग ऐकते. मान हलवते. पदराआड हसते. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की माणसाला असं दिसतं. मी म्हटलं, बरं. मग जूनमध्ये अशीच दुपारची लाईट गेलेली असताना ती मला म्हणाली, "फ्रिजच्या बोर्डातली न्यूट्रल वायर सैल झालीय, असं हे म्हणतात. बघून घे." बाबा, आईला न्यूट्रल कशाशी खातात ते ठाऊक नाही. मी बोर्ड उघडला. स्क्रू ढिला, वायरचं प्लास्टिक करपून तपकिरी झालेलं. स्क्रू आवळला आणि बाल्कनीत जाऊन बसले. 

डबा घ्यायचा ठरला तेव्हा मी तिला नीट समजावलं. एक डबा हातानं प्लग बदलायचा, दुसरा आपोआप चालू होणारा, त्यात मशीन थांबतच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग ते कधी येणार?" म्हणाली.

सातिवलीला एका गोडाऊनमध्ये हे डबे मिळतात. शेजारणीला आईपाशी बसवलं, आईला भरलेल्या सिलिंडरवर ठेवलं आणि मशीनच रिक्षात घालून नेलं. तुम्हीच म्हणायचात, पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नकोस, लोड लावून बघ. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हजार वॅट-अवरचा डबा, तीनशे वॅटचं मशीन, तीन तास आरामात." मी म्हटलं, "तीन नाही, फार तर अडीच. डबा स्वतः वीज खातो ती कोण मोजणार, तुमचे काका?" दोन्ही डब्यांवर मशीन अर्धा-अर्धा तास चालवलं. मोटर सुरू होताना एकदम जादा करंट ओढून जी लाथ मारते ती दोघांनीही सोसली. बॅटरीचे टक्केही सारखेच उतरले. "हा ऑटोमॅटिकच घ्या," तो म्हणाला. "लाईट गेली तरी तुम्हाला कळणार पण नाही."

भाऊही फोनवर तेच म्हणत होता. "ताई, ऑटोमॅटिक घे, यात विचार काय करायचाय?" विचार करण्यासारखं काही नव्हतंच. संध्याकाळी मी त्याला सांगितलं की ऑटोमॅटिक संपले होते, म्हणून हातानं बदलायचा घेतला. तिथे पंधरा-वीस तरी रचून ठेवलेले होते.

परवा दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं. मी प्लग हातात घेऊन पलंगापाशी उभी. आईच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर त्र्याण्णव. तिनं दाराकडे पाहिलं, हसली आणि पाय जवळ ओढून घेतले, कोणाला तरी बसायला जागा करावी तसे. एक्क्याण्णव. पायथ्याची चादर हळूच ताणली गेली, आणि गादी त्या कडेला दबली. मी पाहिलं, बाबा, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकोणनव्वद. "बोला की," आई म्हणाली, "पोरगी उभी आहे." सत्याऐंशी. मग मी प्लग लावला. मशीन घरघरायला लागलं, गादी वर आली, आणि आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रात्री जेवली नाही ती.

हे सगळं डब्याबरोबर आलेल्या वॉरंटीच्या कागदामागे लिहिलंय. घडी घालून त्याच पाकिटात ठेवते, कुठे पाठवायचं आहे थोडंच.

प्लग काढून डब्याला लावायला दहा सेकंद लागतात. परवा मी पूर्ण दोन मिनिटं तशीच उभी होते. आईसाठी नाही, बाबा. तुम्ही माझ्याशीही काहीतरी बोलाल असं वाटलं.