आबांच्या मरणाची खोटी खबर

छत्रपती संभाजीनगर,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय शिवकन्या,

मी इकडे खुशाल आहे. तू, आबा, काकू आणि मेंढरंही खुशाल असाल. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली, खरं म्हणजे मी खुशाल नाही. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर मी फराळाचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. मला माझी सवय माहीत आहे.

शिबिर चांगलं आहे. परभणीच्या शालेय शेक्सपिअर महोत्सवात निवडलेल्या शाळांची मुलं इथे आठवडाभर शिकायला आली आहेत. सकाळी आवाजाचा व्यायाम असतो, म्हणजे सगळ्यांनी उताणं पडून म्हशींसारखं हंबरायचं. तू असतीस तर हसून लोळली असतीस. जेवणात रोज बटाटा. येत्या रविवारी इथल्या मोठ्या रंगमंदिरात आपला प्रयोग आहे आणि म्हाताऱ्या राजाचं काम माझ्याकडेच आहे.

आज दिनकरराव सरांनी, ते आम्हाला अभिनय शिकवतात, मला सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावलं. म्हणाले, "बघा, म्हातारा माणूस आधी काठी टेकतो, अंदाज घेतो, मग पाय टाकतो. हे तुला कुणी शिकवलं गं?"

मी म्हणाले, "निरीक्षण केलं, सर."

निरीक्षण कुणी केलं ते तुला माहीत आहे. पावसाळाभर तू आबांच्या मागेमागे चालायचीस आणि मी बांधावर बसून शेंगा खात तुझे संवाद धरून द्यायची. दुपारी मला जेवण गेलं नाही. बटाट्यामुळे नव्हे.

आता त्या शुक्रवारचं लिहिते. सकाळी तुमच्या अंगणात कावळा आबांच्या पटक्याला शिवून गेला, तेव्हा मी तिथेच होते. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मग रीतीप्रमाणे चारठाण्याच्या तुझ्या आत्याला फोन झाला, आबा गेले म्हणून. जवळचं माणूस खरं मानून रडलं की आबांवरचं अरिष्ट टळणार आणि मग दुपारी तिला खरं सांगायचं. आबा ओट्यावर तंबाखू मळत म्हणाले होते, "मेलो म्हून सांगा, पर लय रडवू नका तिला. बीपी हाय तिला." आपण दोघी तोंडात ओढणी कोंबून हसलो. काकूंनी त्या दिवशी आबांना उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही, म्हणून मेंढरांमागे तू गेलीस आणि शाळेत मी एकटीच आले.

आपले बन्सीधर सर आत्याच्याच गल्लीत राहतात. तिची रडारड ऐकून ते तसेच शाळेला निघाले होते आणि तीच खबर त्यांनी शाळेत दिली. दैवशाला मॅडमनी वर्गात सांगितलं, "शिवकन्याचे आजोबा वारले. घरी सुतक आहे. उद्याच्या नाटकाचं विचारायला कुणी तिच्या दारात जाऊ नका, बरं दिसत नाही."

मॅडम, ती कावळ्याची खबर आहे, आबा तंबाखू खातायत, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "राजेश्री, राजाचे संवाद तुला येतात ना?"

मी म्हणाले, "येतात."

खोटं एक अक्षरही बोलले नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. पण संध्याकाळी तू मेंढरं कोंडून आमच्याकडे आलीस, "उंद्या जीप किती वाजता हाय?" म्हणालीस. मॅडमनी राजाचं काम मला दिलंय, असं मी सांगितलं. तू विचारलंस, "कामून?" आणि मी म्हणाले, "मला काय म्हाईत." हे मात्र खोटं होतं.

"माजं बोलणं गावंढळ हाय, म्हून आसंल," म्हणालीस. तेव्हाही मी गप्प. मग तू घरी जाऊन आबांची काठी घेऊन आलीस. "घे. काठीबिगर राजा उभा ऱ्हात न्हाई." शिवकन्ये, त्यापेक्षा तू माझ्या झिंज्या धरल्या असत्यास तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी परभणीचा प्रयोग झाला आणि लगेच सुट्टी लागली. बन्सीधर सरांना खरं कळलं असेल, पण मॅडमना ते भेटलेच नाहीत. दिवाळीत तू आमच्याकडे फिरकली नाहीस. आई म्हणाली, शिवकन्या आता शाळाच सोडते म्हणायलीय, मेंढरंच बरी म्हणते. मी चकली खात ऐकून घेतलं.

मॅडम इथे शिबिराला आमच्यासोबत आल्या आहेत, आज संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. सुट्टी संपली की त्या तुमच्याकडे सांत्वनाला येणार होत्या.  ऐकून त्या म्हणाल्या, "इतके दिवस त्या पोरीला वाटत असेल, मॅडमनी मला काढलं." दिनकरराव सर म्हणाले, ती आली तर रविवारी राजा तीच, तू पडद्यामागून संवाद धरून द्यायचे. मी हो म्हणाले आणि रडले. लाजेनं रडले, पण थोडं काम गेलं म्हणूनही रडले. हेही लिहून टाकते, आता लपवायचं नाही.

मॅडम उद्या सकाळच्या गाडीनं आपल्या बोरीला निघतील. हे पत्र त्यांच्याच पर्समधून येईल. त्यांच्याबरोबर ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्या शेजारी झोपूही नकोस, पण ये. तुझ्या बोलण्याला कुणी गावंढळ म्हणालं नव्हतं. ते तुला माझ्या गप्प बसण्यामुळे वाटलं.

आबांची काठी माझ्या खाटेखाली आहे. इतके दिवस आबा कशाला धरून चालतात, हे मी दिवाळीभर शेजारी राहूनही विचारलं नाही. त्यांना नमस्कार सांग, असं लिहायला मला तोंड नाही.

काठी तुझ्या हातात देईपर्यंत ‘तुझी’ नव्हे, नुसतीच,
राजेश्री