साहेबापुढं 'हा' केला

प्रिय तात्या,

कॅनडाच्या एका साहेबानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तो पोचवायला हे पत्र. आठवीतनं शाळा सोडलेल्या पुतण्याचं अक्षर हाय, सांभाळून घ्या.

रमेशदादाच्या लग्नात नवरदेवाची जीप माझ्या हातात दिलेली, आठवतंय? मी पिऊन बसलो होतो. उंब्रजजवळ पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं. जीप गेली, मी गेलो, आणि तुमचा लेक बाशिंग बांधून वडापच्या जीपमध्ये, बाजाराच्या बायकांत दाटून बसून मांडवात पोचला.

कोर्टात शिक्षा झाली. तुम्ही शिवीसुद्धा दिली नाही. पालीच्या खंडोबाला नेलं आणि भंडारा उचलायला लावला. दारू सोडायची, खोटं बोलायचं नाही, अशी शपथ.

मग कॅनडाला शेतावर कामाला जायच्या फॉर्मवर प्रश्न आला, कधी शिक्षा झालीय का? एजंट म्हणाला, "न्हाई लिवा." तुम्ही म्हणालात, "भंडारा उचललाय नव्हं? व्हय लिव्ह."

लिहिलं, आणि पाच वर्षं अडकलो; शिक्षेनंतर तेवढी वर्षं सरल्याशिवाय तिकडं घेत न्हाईत. लय राग आला होता तुमचा.

"पाच हंगाम माझ्या ट्रॅक्टरनं ऊस वढ," म्हणालात. रोज सकाळी किल्ली द्यायच्या आधी माझ्या तोंडाजवळ नाक आणायचात. "हा कर रं."

काकू चुलीपासनं म्हणायची, "आवं, पोराला च्या तरी पिऊ द्या."

"च्याच्या वासात दुसरा वास दडतोय."

पाचवा हंगाम सरला आणि तुम्हीच निघून गेलात. महिन्याभरात मंजुरी आली. एवढी कसली घाई होती?

परवा विमानतळावर साहेब माझा जुना गुन्हा वाचत बसला. वाटलं, आता परत धाडतोय. दुभाषा हिंदीत म्हणाला, "साहेब विचारतायत, अजून पितोस का?" पाच वर्षांची सवय. सरळ पुढं वाकलो आणि साहेबाच्या तोंडावर 'हा' केला.

साहेब खुर्चीसकट मागं सरकला. दुभाष्याला तुमची सगळी गोष्ट सांगितली, तसा साहेब हसून हसून लाल झाला. शिक्का मारून म्हणाला, "चुलत्याला माझा नमस्कार कळव." तुम्ही गेलात हे मी सांगितलं नाही. कशाला सांगू?

उद्यापासून इथल्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचाय. किल्ली फिरवायच्या आधी रोज 'हा' करीन. इथल्या थंडीत तोंडातनं हातभर पांढरी वाफ निघते. तेवढी वरनं बघत जा.

तुमचा पुतण्या,
संत्या