तबकडीवरचा शेवटचा आकडा

डेट्रॉइट, रविवार

प्रिय थॅडी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच टाकून देशील, अशी धास्ती वाटतेय. अरे बाबा, एवढं तरी वाच. सव्वीस वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे तू काही पाठवलं नाहीस, आणि मीही तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी आईच्या रेकॉर्डी काढल्या. ती गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. चर्चच्या गायकवृंदाचं कव्हर उघडलं, तर आत जॅझ! डॅडींच्या बँडची तीच रेकॉर्ड, अठ्ठावन्न सालची. मग बँडच्या कव्हरात काय आहे म्हणून पाहिलं, तर तिथेही तीच! नाव तेच, लेबल तेच. मी चक्रावलेच.

दोन्ही काखोटीला मारून पर्नेलच्या दुकानात गेले. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं रेकॉर्डींचं दुकान टाकलंय; कुठली रेकॉर्ड कशी निघाली, ते त्याला तोंडपाठ. म्हातारा महा खवट. म्हणतो, "कव्हर काय वाचतेस? कव्हर कुणीही कुणालाही घालतं. 'तू कोण?' हे रेकॉर्डलाच विचार." दिव्याखाली तिरकी धरून त्यानं लेबलभोवतीचा गुळगुळीत पट्टा दाखवला. तिथे बारीक नंबर कोरलेला असतो. बँडच्या कव्हरातल्या रेकॉर्डच्या नंबरात शेवटी दोन होता, आणि गायकवृंदाच्या कव्हरात सापडलेलीच्या शेवटी एक. पर्नेलनं तो नंबर पुन्हा वाचला. मग म्हणाला, "बाई, ही पहिल्या साच्यातली. जेमतेम तीनशे निघाल्या आणि साचा फुटला. दुसरा साचा केला तो दुसऱ्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणावरून. त्या दिवशी तुझा बाप आला नव्हता, ट्रंपेट भलत्यानंच वाजवलं. कव्हर मात्र तेच राहिलं."

त्यानं ती लावली. थॅडी, डॅडीच रे ते! तो लांबच लांब खेचलेला सूर, आणि खाली डावा बूट आपटल्याचा ठोका, ज्यावरून आई त्यांना घोडा म्हणायची. मी दुकानात उभ्या उभ्या हमसून रडले. पर्नेल मेला रुमाल द्यायचा सोडून म्हणतो, "रेकॉर्डवर पाणी पाडू नकोस!"

तू एकोणीस वर्षांचा होतास. मित्रांना घरी आणून मोठ्या तोऱ्यात रेकॉर्ड लावलीस, म्हणालास, "ऐका माझा बाप!" कव्हरावर नाव डॅडींचं आणि वाजतोय दुसराच. मित्रांनी तो वाजवणारा ओळखला आणि ते हसले. तू डॅडींना तोंडावर खोटारडा म्हणालास आणि त्याच आठवड्यात शिकागोला निघून गेलास. आपण वाजवलं होतं, हेच डॅडींना खरं वाटेना. ट्रंपेटची पेटी त्यांनी त्यानंतर उघडलेली मी पाहिली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या भांडणाच्या आधीच्या शनिवारी आपल्याकडे पार्टी होती. लोक आपापल्या रेकॉर्डी आणायचे, म्हणून लेबलांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझं. पण तेव्हा मी ज्याच्याबरोबर फिरायचे तो कर्टिस बाहेर गाडीत ताटकळत होता. मी चिठ्ठ्या लावल्याच नाहीत, आणि शेवटी हाताला येईल ती रेकॉर्ड दिसेल त्या कव्हरात कोंबली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मिसेस टॉलिव्हर आल्या, "अगं, तुझ्या डॅडींची माझी रेकॉर्ड मी आणली होती ना, तिच्या कव्हरात गायकवृंद निघाला की!" मी कानावर हात ठेवले. आता कळतंय, त्यांची दोनवाली आपल्या कव्हरात गेली होती आणि आपली एकवाली गायकवृंदाच्या. तू भांडलास तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण मी सतरा वर्षांची, भित्री. गप्प बसले, आणि मग बोलायची लाज वाटत गेली. काल डॅडींना सगळं सांगितलं. वाटलं, आता घराबाहेर काढतील. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, तो एकाचा आकडा अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, "पोरगा आल्याशिवाय सुई टेकवायची नाही." मी म्हटलं, "डॅडी, चौऱ्याहत्तर वर्षांचे झालात तुम्ही." तर म्हणाले, "मग त्याला लवकर यायला सांग."

तुझीच,
अर्नेस्टीन