भिंतीत काय भरावं

९ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. इकडे सगळे बरे आहेत. माझा खोकला तेवढा पाठ सोडत नाही; वीस वर्षं लोकांच्या माळ्यांवर ऊब धरून ठेवणारी काचलोकर, म्हणजे ग्लासवूल, अंथरतोय, त्याचं हे बक्षीस.

नव्या घराच्या भिंतींत काय भरू, असं विचारलंस. आधी छत बघ. ऊब वर पळते. छत उघडं टाकून भिंती झाकणं म्हणजे डोकं भिजू देऊन पायांवर छत्री धरणं. वर काचलोकर जाड अंथरून घे, पण दाबू देऊ नकोस. दबली की निकामी. उत्तरेच्या भिंतीला ओल आहे ना? आधी ओलीचा बंदोबस्त, मग दगडी लोकर. ती जळत नाही.

भाऊजी म्हणतात फोम भरू, एकही फट राहत नाही. खरंच राहत नाही. तेच तर.

ताई, आईच्या खोलीत मी फोमच भरला होता. "वारा हाडात शिरतो रे," असं ती रोज कुरकुरायची. दारं-खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या. राहिला वरचा झरोका. गॅसचा हीटर असलेल्या खोलीत झरोका बुजवायचा नसतो, विषारी वायू आत कोंडतो, हे मी नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी बजावतो. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "साऱ्या गावाची घरं उबदार करतोस, आणि आईलाच नियम सांगतोस?" मी हसलो आणि तोही भरला. हीटर आठवड्याभरात बदलणारच होतो.

चौथ्या दिवशी म्हणाली, डोकं ठणकतंय. मी म्हटलं, गोळी घे, पड जरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. खोली मस्त उबदार होती. आईचे गाल लालसर होते, म्हणून मी दोनदा हाक मारली.

डॉक्टर तिचं वय बघून 'हृदय' म्हणाले. ते यायच्या आधी मी हीटर बंद केला होता, स्टुलावर चढून चाकूने झरोका मोकळा केला होता. फोमचे तुकडे माझ्या खिशात होते. तू आलीस, गळ्यात पडलीस, म्हणालीस, "बरं झालं, तू तरी जवळ होतास."

तेव्हापासून तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. बायकोचं ऐकून मी तुला तोडलं, असं तुला वाटतं. मी ते वाटू दिलं. ती बिचारी फुकट बदनाम झाली.

आता लिहितेस, "तूच येऊन काम कर, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." यावर गप्प कसा राहू?

चांगल्या दोन कारागिरांचे पत्ते या कागदाच्या मागे लिहिलेत. त्यांतला एक बोलाव. हे पत्र भाऊजींनाही वाचायला दे. तुम्हाला जे करावंसं वाटेल त्याला मी नाही म्हणणार नाही.

आशीर्वाद मागायची हिंमत होत नाही.

धाकटा