पठारावरची तुटक रेषा

४ फेब्रुवारी

जीप आली! दारात मावत नाही, तोंड शेजाऱ्यांच्या फाटकात. जुनी, पण चारही चाकांना जोर. एका खिडकीची काच वर जात नाही. मिस्त्री म्हणाला, "इंजिन ठणठणीत. बाकीचं विचारू नका."

मी गेल्या महिन्यात रिटायर झाले, हे तीन वर्षांपूर्वी. तेव्हापासून गप्प घरात बसलेला माणूस, आणि आता एकदम रानावनाचं वेड! आता नकाशा हवा. जिथे रस्ता नाही आणि नेटही नाही, तिथे चालणारा. तर विचारतायत कोणाला? मिस्त्रीला. दुकानदाराला. धाकटीला फोन करून. मला नाही! चौतीस वर्षं नकाशा ऑफिसात रेषा ओढल्या मी. हे शेजारच्या खोलीत तपासनीस, तिथेच तर आमचं जमलं. माझ्या हातची एकही शीट तपासणीतून परत आली नाही, हे यांना माहीत नाही की काय? जाऊ दे.

७ फेब्रुवारी

दुकानात गेलो. तीन नकाशे पाहिले. पहिला उपग्रहाच्या फोटोंचा — देखणा, पण झाडांचे शेंडे दिसतात, झाडाखालची वाट दिसत नाही. दुसरा फुकट. फिरणारे लोक आपापल्या वाटा त्यात टाकतात. मी नाक मुरडलं. कोणीही उठावं आणि रेघ ओढावी! तिसरा विकतचा, उंचीच्या रेषांचा. रेषा दाटल्या की चढ उभा, लांब पडल्या की जमीन सपाट. बघताच जीव रमला. आमच्याच ऑफिसच्या जुन्या शीटवरून केलाय म्हणे. मग काय विचारता!

हे मात्र तिन्हींत एकच जागा उघडून बघत होते. नदीच्या वरचं पठार. "एवढं काय आहे तिथे?" तर म्हणे, "हवा चांगली आहे." घ्यायची वेळ आली तेव्हा मला विचारलं — "तुला हाच हवा ना? नक्की?"

नक्की म्हणजे काय, नक्कीच!

८ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. "आई, फुकटातलाही ठेव गं. लोक रोज दुरुस्त करतात तो." ठेवला. तिचं मन राखायला.

११ फेब्रुवारी

रंगीत तालीम, खाणीपर्यंत. दुसऱ्याच वळणावर नेट गेलं आणि पडदा कोरा! यांनी नकाशा फोनवर उतरवलाच नव्हता. "पैसे भरले म्हणजे आला असं वाटलं मला." हसून हसून पोट दुखलं. बायकोला विचारलं असतं तर! घरी येऊन दोन्ही नकाशे मी स्वतः उतरवले.

१२ फेब्रुवारी

गाडी धुतली. हे शीळ घालत होते. बरं चाललंय आमचं.

१५ फेब्रुवारी

पठार. हवा खरंच चांगली. गवत कमरेएवढं, एक चिटपाखरू नाही. नकाशात एक तुटक रेषा पठारावरून थेट नदीला उतरते. मी म्हटलं, "डावीकडे घ्या, वाट आहे." हे गोगलगाईसारखे चालवत होते. मध्येच गाडी थांबवली. "पाय मोकळे करतो." काठी घेऊन पुढे गेले, परत आले. "ये, बघ."

वाट नाही. पावसाळी ओढ्याचं कोरडं पात्र, आणि चाळीस पावलांवर जमीनच संपते. खाली नदी, दोरीएवढी.

फुकटातला उघडला. त्यात वाट अलीकडेच थांबते. कोणीतरी लिहून ठेवलंय — पुढे कडा, गाडी इथेच ठेवा. विकतच्यातही उंचीच्या रेषा तिथे एकमेकींना चिकटलेल्या होत्या की! पण तुटक रेषा दिसली आणि मी डोळे मिटले. सावलीत बसून डबा खाल्ला. हे मजेत. मी पुन्हा नकाशा उघडला. त्या रेषेचं वळण ओळखीचं वाटत होतं.

१६ फेब्रुवारी

हे बाजारात गेले तशी ट्रंकेतली, काढलेल्या शीटचे नंबर लिहिलेली कामाची वही काढली. आहे. तीच शीट. माझीच.

प्रत्येक रंगासाठी ट्रेसिंगचा पारदर्शक कागद वेगळा असायचा. निळ्यावर पाणी, काळ्यावर रस्ते. कोरडा ओढाही तुटक, पायवाटही तुटक. मी ओढा काळ्यावर ओढला. छापून आला तो रस्ता होऊन! नोकरीला पाच महिने झाले होते. तपासनिसांच्याही नजरेतून सुटलं. चौतीस वर्षं ती वाट नकाशात आहे आणि चौतीस वर्षं मी घरीदारी बढाई मारतेय.

लाज वाटली. खूप.

१८ फेब्रुवारी

उद्या कोणी भरधाव आलं त्या रेषेवरून तर? कंपनीला लिहिलं. शीटचा नंबर, फोटो, सगळं. "चूक माझी आहे" असंही लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं. यांना अजून सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं! रेषा काढली. आभारही मानलेत. हुश्श! फोन उघडून पाहिलं — तिथे आता नुसतं पठार. फुकटातल्या नकाशाची मनातल्या मनात माफी मागितली. आता यांना सांगायलाच हवं. चिडवतील जन्मभर. चिडवू देत.

२२ फेब्रुवारी

सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. ती शीट माझ्याच टेबलावर आली होती." मग परत का नाही पाठवलीत? "पाठवली असती तर तुला कायम केलं नसतं. महिनाच राहिला होता तुझा." आणि तेव्हापासून यांच्या जिवाला घोर, कोणी त्या वाटेने गेलं तर! पण माझी नोकरी संपेपर्यंत थांबले. मग जीप घेतली, मला त्या कड्यापाशी न्यायला.

आणि मी म्हणत होते, यांना रानावनाचं वेड लागलंय.