एका अनडूत सगळं

३ फेब्रुवारी २००४
उषा खरातकडे गेलो. नवीन जालना, स्टेशनजवळ, बियाण्याच्या दुकानावरची खोली. अकरावीत मी तिला मराठी शिकवलं. आता तिनं स्वतःचा एडिटर तयार केलाय, प्रोग्राम लिहिण्यासाठीचा. त्याला स्क्रिप्टमधून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या यादीतून, हुकूम देता येतात. त्या हुकमांची माहितीपुस्तिका मी लिहायची. महिनाअखेरीस ती पुण्याला नोकरीवर जाणार. पुढं एडिटर कांबळे सर सांभाळणार. वाटूरला त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे.
उ. : "मी नसताना त्यांना पुस्तिकाच पुरली पाहिजे, सर. न्हाई तर पडून राहील हे."

६ फेब्रु.
नियम : स्वतः चालवून पाहिल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही. पाहिलं की समासात पेन्सिलीची खूण.
हुकूम थोडेच. ओळ निवडा, शब्द शोधा, बदला, फाइल जतन करा. एक कळला की दुसऱ्याचा अंदाज येतो, आणि अंदाज बरोबर निघतो. इतकी शिस्त कवितेतही क्वचित पाहिली.

११ फेब्रु.
उ.नं मजकूर वाचला. "शोधा-बदलाला एवढंसंच पान? वर्गात तर एका ओळीवर तास घ्यायचे तुम्ही."
"तिथं घंटेची वाट बघायचो."
हसली. मग दोन विशेषणं खोडली. बरोबर खोडली.

१७ फेब्रु.
पुस्तिका आणि सीडी एस.टी.नं वाटूरला. उ.ची अट : कांबळे सरांनी अडलं तरी विचारायचं नाही. विचारलं की पुस्तिका नापास.

२१ फेब्रु.
कांबळे सरांचा फोन. "विचारून न्हाई राह्यलो सर, सांगून राह्यलो." स्क्रिप्टनं त्यांच्या फाइलमधली सगळी नावं बदलली. मग त्यांनी अनडू, म्हणजे केलेला बदल मागं घ्यायचं बटण, दाबलं. "एकच नाव मागं आलं. बाकीचे तसेच. तुम्ही तर लिहिलंय, सगळं एका अनडूत परत येतं."
पान काढलं. 'स्क्रिप्टने केलेले सर्व बदल एका अनडूत मागे घेतले जातात.' समास कोरा. बाकीचं सगळं इतकं जुळत होतं, की हेही तसंच असणार असं धरून न चालवताच लिहिलं.

२२ फेब्रु.
उ.ला सांगितलं. वाक्य बदलतो म्हणालो. मिनिटाचं काम. ती ते परत परत वाचत राहिली.
"न्हाई सर. वाक्य राहू द्या. एडिटरनं असंच करायला पाहिजे होतं. मला सुचलं न्हाई."
"दिवस कुठं उरलेत तुझ्याकडं?"
"मंग बोलू नका. बसू द्या मला."
त्यासाठी बदल लक्षात ठेवण्याची सगळी पद्धतच आतून बदलावी लागणार. वाक्य माझं, कष्ट तिचे.

२६ फेब्रु.
कुंभार पिंपळगावहून तिचे वडील आलेत, सामान बांधायला. "सर, पोरगी अजून मशिनीतच हाये का?" सगळं खोक्यात गेलं. शेवटी त्यांनी माउसला हात घातला.
"तेवढं सोडून, दादा!"
शेजारी बसून पाहिलं. लिहिते त्याहून जास्त पुसते. पुसलेल्या जागी कमतरता दिसत नाही.

२८ फेब्रु.
झालं म्हणाली. दोन-चार ओळींवर चालवून पाहिलं म्हणे. मी पोचलो तेव्हा कॉम्प्युटर खोक्यात, दादा खाली रिक्षात बसून हाका मारताहेत. सीडी माझ्या हातात दिली.
"मोठ्या फाइलवर न्हाई बघितलं. कांबळे सरांकडं जाऊन तुम्हीच बघा. न्हाई झालं तर वाक्य खोडा."
"तुला कळवू?"
"कळवा. विचारू नका."

१ मार्च
वाटूर. कांबळे सरांच्या क्लासमध्ये लाइट नाही, दुपारी येते. सीडी टेबलावर. पुस्तिका त्या पानावर उघडी. समास कोरा.
कांबळे सर : "खोडरबर देऊ का?"
नको म्हणालो. पेन्सिलीला टोक करून ठेवलं.